‘पेड म्हणजे पाय’: एका वहीचा प्रकरण अभ्यास

ती आली तेव्हा तिच्या एका हातात सराव चाचणीची उत्तरपत्रिका होती आणि दुसऱ्या हातात दोनशे पानी वही. वय २३, पदवी झालेली, प्रवेश परीक्षा दोन महिन्यांवर. परीक्षेत इंग्रजी शब्दसंग्रहाचा वेगळा भाग होता आणि नेमके तिथेच तिचे गुण घसरत होते. "मॅडम, वहीतला एकही शब्द मी सोडलेला नाही. रोज उजळणी करते. तरी चुकतं," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी नव्हतं, पण आवाज बसलेला होता. आळशी मुलगी अशी बोलत नाही.

मी उत्तरपत्रिका पाहिली. तीन चुका एकाच घरातल्या होत्या. ‘पेडॅगॉजी’ला तिनं ‘पायी फिरण्याची सवय’ या पर्यायावर खूण केली होती. ‘एक्स्पेडाइट’ला ‘पायी पाठवणे’. ‘इम्पीड’ला ‘पाऊल पुढे टाकणे’. आणि एक उत्तर बरोबर होतं, ‘ऑर्थोपेडिक’, हाडांशी आणि सांध्यांशी संबंधित. ते कसं आलं, हेही मी विचारलं. "पेड म्हणजे पाय ना मॅडम. पायाची हाडं."

उत्तर बरोबर आणि कारण चूक. मला त्या तीन चुकांपेक्षा या बरोबर उत्तराची जास्त काळजी वाटली, कारण त्यानं तिचा नियम आणखी पक्का केला होता.

वही

वही उघडली आणि दुखणं कुठे आहे ते दिसलं. प्रत्येक पानाच्या माथ्यावर लाल शाईनं दोन-तीन अक्षरं आणि त्यांचा अर्थ. खाली ती अक्षरं ज्यांच्यात येतात ते सगळे शब्द, एकाखाली एक. ‘पी-ई-डी = पाय’. ‘आय-एन = नाही’. ‘ए-डी’ला अर्थ सापडला नव्हता, म्हणून नुसतेच शब्द. ‘डब्ल्यू-आर’ हे पान स्पेलिंगसाठी होतं, कारण त्यातल्या डब्ल्यूचा उच्चार होत नाही. अक्षरं सुबक होती. शब्दातली ती ठरावीक अक्षरं प्रत्येक ओळीत हिरव्या पेननं गिरवलेली होती, इतक्या वेळा की काही ठिकाणी कागद पातळ झाला होता.

ही पद्धत तिनं एका तयार यादीवरून घेतली होती. अशा याद्या भरपूर मिळतात. त्यांत थोडं खरंही असतं, म्हणून त्या इतक्या सहज पटतात. लॅटिनमध्ये पायाला खरोखरच ‘पेस’ म्हणतात आणि विभक्ती लागली की त्याचं ‘पेड’ होतं. त्यातूनच पेडेस्ट्रियन, पेडल, बायपेड, क्वाड्रुपेड, सेंटिपीड आले. मराठी माणसाला तर हे पाठ करायचीही गरज नाही, कारण आपलं ‘पद’ त्याच मुळातलं आहे. पेडेस्ट्रियन म्हणजे पादचारी, बायपेड म्हणजे द्विपाद, क्वाड्रुपेड म्हणजे चतुष्पाद. शब्दाला शब्द जुळतो. इंग्रजीचा स्वतःचा ‘फूट’सुद्धा याच कुळातला. इंग्रजी, जर्मन अशा जर्मानिक भाषांमध्ये मूळच्या ‘प’चा ‘फ’ झाला आणि ‘द’चा ‘ट’. म्हणून आपल्याकडे पितृ तिथे फादर, आपल्याकडे द्वि तिथे टू, आपल्याकडे दश तिथे टेन. याकोब ग्रिम या जर्मन भाषाशास्त्रज्ञानं १८२२ साली हे बदल नियम म्हणून मांडले.

म्हणजे पानाचा मथळा खोटा नव्हता, पण त्याच्याखाली तिनं दोन वेगवेगळी घराणी एकत्र नांदवली होती.

तीन अक्षरांची दोन घराणी

ग्रीक भाषेत मुलाला ‘पाइस’ म्हणत आणि त्याचं सामासिक रूप ‘पाइड’ असं होई. लॅटिनमधून इंग्रजीत येताना त्याचं आधी ‘ए-ई’ झालं आणि पुढे बऱ्याच ठिकाणी नुसतं ‘ई’ उरलं. झालं, मूल आणि पाय एकसारखे दिसायला लागले. पीडिअ‍ॅट्रिक्स म्हणजे मुलांवरचे उपचार. एन्सायक्लोपीडियातला ‘पीडिया’ म्हणजे मुलाला घडवणं, शिक्षण. पेडॅगॉजी म्हणजे मुलाला घेऊन जाणं. प्राचीन ग्रीसमध्ये मुलाला घरून शाळेत नेणारा आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारा एक गुलाम असे, त्याला ‘पाइडागोगोस’ म्हणत. पुढे तो शब्द शिक्षकाला लागला आणि त्यापासून शिकवण्याच्या शास्त्राचं नाव झालं. हे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे तो चालतच जायचा ना?" जायचा. पण शब्दात त्याचं चालणं नाही, त्याच्यासोबतचं मूल आहे.

ऑर्थोपेडिकवर आम्ही जवळजवळ अर्धा तास घालवला आणि तो सार्थकी लागला. ‘ऑर्थो’ म्हणजे सरळ. पुढचं ‘पेड’ पायाचं असेल असं कोणालाही वाटेल. पण हा शब्द निकोला आंद्री या फ्रेंच वैद्यानं १७४१ साली घडवला तो मुलांच्या शरीरातली व्यंगं रोखण्याच्या आणि सुधारण्याच्या विद्येसाठी. सरळ अधिक मूल. वाकड्या वाढणाऱ्या रोपट्याला खुंट रोवून बांधतात, ते त्याच्या पुस्तकातलं चित्र या शाखेची खूण म्हणून आजही वापरतात. आज ऑर्थोपेडिक डॉक्टरकडे ऐंशी वर्षांच्या आजीही जातात, पण शब्दाच्या पोटात मूल आहे ते आहेच.

आता तिचं डोकं चालायला लागलं होतं. तिनं स्वतःच एक नियम काढला: उच्चार ‘पी’ असेल तर मूल, ‘पे’ असेल तर पाय. पीडिअ‍ॅट्रिक्स, एन्सायक्लोपीडिया आणि इंग्रजी उच्चारानं ऑर्थोपीडिक एका बाजूला. पेडेस्ट्रियन, पेडल दुसऱ्या बाजूला. मला हे फार आवडलं आणि म्हणूनच मी तो लगेच मोडला नाही. तिलाच मोडायला लावला. पानावरचे सगळे शब्द मोठ्यानं वाचायला सांगितले. सेंटिपीडला, म्हणजे गोमेला, ती थांबली. ‘पी’, पण पाय. मग इम्पीड. मग पेडॅगॉजी, ‘पे’ आणि मूल. नियम तीन ठिकाणी फुटला. ब्रिटिश स्पेलिंगचा थोडा आधार मिळतो, कारण पीडिअ‍ॅट्रिक्स आणि ऑर्थोपीडिकमध्ये तिकडे अजून ‘ए-ई’ लिहितात. पण पेडॅगॉजीत तेही तो ‘ए’ गाळतात. अक्षरं पाहून घराणं ओळखण्याची खात्रीची युक्ती नाही, हे तिला माझ्या सांगण्यापेक्षा सेंटिपीडनं जास्त पटवलं.

मातीच्या अभ्यासाला पेडॉलॉजी म्हणतात, हा त्याच पानावरचा आणखी एक अवघड शब्द. इथला ‘पेडॉन’ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ जमीन. मुलाशी त्याचा काही संबंध नाही, पायाशी मात्र आहे. पाऊल ठेवायची जागा ती जमीन. हा दूरचा भाऊबंद म्हणून पायाच्याच घरात गेला.

आणि पेडिग्री. वंशावळीला हे नाव पडलं ते जुन्या फ्रेंचमधल्या ‘करकोच्याचा पाय’ या शब्दांवरून. वंशवृक्षात एका नावातून खाली फुटणाऱ्या तीन रेघा पक्ष्याच्या पावलासारख्या दिसतात. तिनं वहीच्या समासात तीन रेघांचं पाऊल काढलं. पुढे हा शब्द तिला कधीच विचारावा लागला नाही.

मूळ बरोबर, तरी उत्तर चूक

आता उरले एक्स्पेडाइट आणि इम्पीड. इथे तिचा नियम लागू होता, दोन्हींत पायच आहे. तरी उत्तरं चुकली. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच आहे, कारण शब्दमुळांवर विसंबणारे हुशार विद्यार्थीही नेमके इथे घसरतात. मूळ कळलं की अर्थ कळला असं त्यांना वाटतं. मुळापासून अर्थापर्यंत मधे एक चित्र असतं आणि ते चित्र दिसल्याशिवाय मूळ मुकं राहतं.

मी तिला विचारलं, "मराठीत एखाद्या गोष्टीला आळा घालायचा असेल तर पायाशी संबंधित कुठला शब्द वापरशील?" ती थोडा वेळ गप्प. मग एकदम, "पायबंद!"

घोडा दूर जाऊ नये म्हणून त्याच्या पायाला बांधायची दोरी म्हणजे पायबंद. लॅटिन ‘इम्पेदिरे’ म्हणजे पाय अडकवणे, जखडणे. इम्पीड म्हणजे पायबंद घालणे. अगदी तेच चित्र, तीच कल्पना, हजारो मैलांवर वेगळ्या भाषेत उगवलेली. आणि ‘एक्स्पेदिरे’ म्हणजे अडकलेले पाय सोडवणे. पायबंद सुटला की घोडा निघाला, म्हणून एक्स्पेडाइट म्हणजे काम लवकर मार्गी लावणे. मोहिमेला एक्स्पेडिशन म्हणतात तेही यातलंच. दोन्ही शब्द एकाच दोरीची दोन टोकं आहेत, एक बांधणारं आणि एक सोडणारं. तिनं दोन्ही एकाच कार्डावर लिहिले आणि मधे दोरीची गाठ काढली.

तिच्या वहीत प्रत्येक इंग्रजी शब्दापुढे एक मराठी शब्द होता, पण तो यादीतून उतरवलेला. ‘इम्पीड = अडथळा आणणे’. बरोबर, पण निर्जीव. पायबंद तिच्या स्वतःच्या भाषेत आधीपासून होता आणि यादीनं तिला तो कधी आठवू दिला नव्हता, याचं मला वाईट वाटलं.

शेजारी शेजारी पाठ केल्याची किंमत

‘ए-डी’चं पान वेगळ्या आजाराचं होतं. अडॅप्ट, अडॉप्ट, अडेप्ट. तीन शब्द एका संध्याकाळी, एकाखाली एक पाठ केलेले. तिला तिन्ही अर्थ माहीत होते: जुळवून घेणे, स्वीकारणे किंवा दत्तक घेणे, निष्णात. कुठला अर्थ कुठल्या शब्दाचा, एवढंच आठवत नव्हतं. बाटिया लाउफर या संशोधिकेनं अशा एकसारख्या रूपाच्या शब्दांना ‘सिनफॉर्म’ असं नाव दिलं आणि परभाषा शिकणारे त्यांत कसे गोंधळतात याचा सविस्तर अभ्यास केला. शब्दसंग्रहाच्या अभ्यासातलं मोठं नाव असलेले पॉल नेशनही सांगतात की रूपानं किंवा अर्थानं एकमेकांसारखे शब्द नव्यानं एकत्र शिकवू नयेत. आधी एक पक्का होऊ द्यावा, मग दुसरा आणावा. अक्षरांवर लावलेल्या याद्या नेमकं याच्या उलट करतात.

उपाय साधा होता. ‘ए-डी’ हा ‘कडे’ या अर्थाचा उपसर्ग, तो बाजूला काढायचा आणि उरलेलं पाहायचं. अडॅप्टमध्ये ‘ॲप्ट’ उरतं, योग्य, चपखल. अडॉप्टमध्ये ‘ऑप्ट’ उरतं, निवडणे, ज्यातून ऑप्शन आला. मूल दत्तक घेणं ही निवडच. अडेप्टमध्ये उरलेलं इंग्रजीत एकटं वापरात नाही. त्याच्या मुळाशी ‘मिळवलेला, साध्य केलेला’ असा अर्थ आहे. तो शब्द आम्ही पंधरा दिवस बाहेरच ठेवला. पहिले दोन घट्ट झाल्यावर आत घेतला.

‘आय-एन = नाही’ या पानावर तिनं ‘इन्व्हॅल्युएबल’ला ‘कवडीमोल’ लिहिलं होतं. मी फळ्यावर फक्त ‘अमूल्य’ लिहिलं. ‘अ’ म्हणजे नाही, ‘मूल्य’ म्हणजे किंमत, आणि तरी अर्थ काय? ती हसली. किंमत करताच येणार नाही इतकं मोलाचं. इन्व्हॅल्युएबल अक्षरशः तेच. ‘इन्फ्लेमेबल’ची गोष्ट निराळी. तिथला ‘इन’ नकाराचा नाहीच, तो ‘आत, मधे’ या अर्थाचा दुसराच उपसर्ग आहे. ज्वाळेत जाणारं, म्हणजे चटकन पेट घेणारं. हा गोंधळ इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही होतो आणि तो जीवावर बेतू शकतो, म्हणून टँकरवर आणि डब्यांवर आता ‘फ्लेमेबल’ लिहिण्याचा आग्रह असतो. दोन्हींचा अर्थ एकच. हे पान मी तिला फाडून टाकायला सांगितलं. पुढे ते शब्द एकेक करून परत आले.

जे पान आम्ही ठेवलं

‘डब्ल्यू-आर’चं पान मात्र सोनं निघालं आणि तिला त्याची कल्पनाच नव्हती. तिनं ते फक्त मुक्या डब्ल्यूसाठी केलं होतं. मी तिला स्पेलिंग झाकून नुसते अर्थ ओळीनं वाचायला लावले. रिंग, पिळणे. रेंच, हिसका देऊन पिरगळणे. रिंकल, सुरकुती. रिस्ट, मनगट. रेथ, फुलांचं कडं. रिगल, वळवळणे. राइद, वेदनेनं पिळवटणे. राय, वाकडं. सातव्या-आठव्या शब्दाला ती थबकली. "मॅडम, सगळ्यांत पीळ आहे."

आहे. हे तिच्याआधी जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाच्या लक्षात आलं होतं, ज्याचं इंग्रजी भाषेचं व्याकरण १६५३ साली प्रसिद्ध झालं. अनंताची आडव्या आठासारखी खूणही त्याचीच. यातले बरेच शब्द खरे भाऊबंद आहेत, वळण्या-वाकण्याच्या एका जुन्या मुळातून फुटलेले. राँगसुद्धा त्यातलाच, मूळ अर्थ ‘वाकडा’. आपणही बिघडलेल्या माणसाबद्दल ‘त्याचं पाऊल वाकडं पडलं’ असं म्हणतोच. आणि तो मुका डब्ल्यू एकेकाळी बोलला जात होता. उच्चारातून तो गेला, लिखाणात राहिला.

पण ‘राइट’, म्हणजे लिहिणे, त्याच पानावर होता आणि त्यात पीळ नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ओरखडणे, कोरणे. संस्कृतातला ‘लिख्’सुद्धा मुळात ओरखडा काढणाराच. माणसानं शाईआधी टोकदार काहीतरी हातात घेतलं होतं, हे दोन्ही भाषांना आठवतंय. हा शब्द आम्ही पिळाच्या रांगेतून काढून वेगळा लावला. ‘रॅप’, गुंडाळणे, रांगेत शोभून दिसतो, पण त्याचं मूळ अभ्यासकांनाही नक्की सांगता आलेलं नाही. तोही वेगळा.

इथे तिनं विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो: "मूळ वेगळं असूनही शब्द त्या घोळक्यात जाऊन मिसळू शकतो का?" शकतो, आणि शिंकणं हे त्याचं उत्तम उदाहरण. ‘एस-एन’नं सुरू होणारे नाकाचे शब्द पाहा: स्नोअर, घोरणे, स्निफ, हुंगणे, स्नॉर्ट, फुरफुरणे, स्नाउट, प्राण्याचं नाकाड. स्नीझ, शिंकणे, मात्र मुळात ‘एफ-एन’नं सुरू होत असे. पुढे एफच्या जागी एस आला. जुन्या लिखाणात लांब एस आणि एफ दिसायला जवळजवळ सारखे होते, हे एक कारण देतात. नाकाच्या बाकीच्या शब्दांनी त्याला आपल्याकडे ओढलं, हे दुसरं. अक्षरांच्या अशा अर्थवाही जोड्यांना जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञानं १९३० साली ‘फोनेस्थीम’ हे नाव दिलं. मराठी माणसाला ते समजायला वेळ लागत नाही. लुकलुक, लखलख, लकाकी, लख्ख. ‘ल’ आणि ‘क-ख’ जवळ आले की आपल्याला काहीतरी चमकताना दिसतं. इंग्रजीत ते काम ‘जी-एल’ करतो: ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिंट. आणि तरीही ग्लू म्हणजे डिंक, ग्लव्ह म्हणजे हातमोजा.

सहा आठवडे

पहिल्या आठवड्यात एकही नवा शब्द घेतला नाही. तिला ते जड गेलं. परीक्षा जवळ आली असताना थांबायचं म्हणजे काय, हे घरच्यांनाही तिला समजवावं लागलं. वहीतले शब्द सुट्या कार्डांवर उतरवले आणि त्यांचे तीन ढीग केले. खरोखर एका मुळाचे ते ‘भाऊबंद’. नुसती अक्षरं सारखी, नातं काही नाही, ते ‘आडनावबंधू’. आणि ज्यांचं अजून पाहायचं होतं ते ‘बघू’. नावं तिनंच दिली. कुठलंही कार्ड शब्दकोशात मूळ पाहिल्याशिवाय ‘बघू’मधून हलवायचं नाही, एवढा एकच नियम मी घातला. आडनावबंधू एका दिवशी कधी घ्यायचे नाहीत.

सगळं सुरळीत झालं असं नाही. तिसऱ्या आठवड्यात तिला मुळं शोधण्याचा नाद लागला आणि ती एका शब्दामागे तासतास घालवू लागली. ती चूक माझी. मी तिला वेळेची मर्यादा आधीच घालून द्यायला हवी होती. ज्या शब्दाचं मूळ दोन ओळींत सापडत नाही तो सरळ वाक्यात वापरून पाठ करायचा, असं नंतर ठरवलं. बऱ्याच शब्दांना तीच पद्धत पुरते. अडेप्ट शेवटपर्यंत अधूनमधून निसटत राहिला.

पण ‘सुपरसीड’ तिनं स्वतः सोडवला. एक्सीड, प्रोसीड, सक्सीड यांचा शेवट एका पद्धतीनं लिहितात, ‘सी’ आणि दोन ‘ई’. प्रिसीड, रिसीड यांचा दुसऱ्या. सुपरसीड एकटाच ‘एस’नं. तिनं मूळ पाहिलं. बाकी सगळे ‘जाणे’ या लॅटिन क्रियापदाचे, हा एकटा ‘बसणे’ याचा. एखाद्याच्या वर जाऊन बसणे, म्हणजे त्याची जागा घेणे. आणि लॅटिनमधलं ते बसणं आपल्या ‘सद्’चं सख्खं आहे, ज्यातून सदन आणि संसद आले. कार्डावर तिनं लिहिलं होतं: ‘संसदेत बसतात, म्हणून एस.’

पुढच्या सराव चाचणीत पी-ई-डीचा एकही शब्द चुकला नाही. मुख्य परीक्षेतल्या त्या भागात ती पास झाली, फार उंच गुणांनी नव्हे, पण लागत होते त्यापेक्षा जास्त.

परीक्षेनंतर ती भेटायला आली तेव्हा कार्डांचा गठ्ठा सोबत होता. वर एक नवं कार्ड होतं, ‘पी-ओ-डी’. हा ग्रीक पाय, लॅटिन ‘पेड’चा भाऊ. खाली ट्रायपॉड, तीन पायांचा. पोडियम. ऑक्टोपस, आठ पायांचा. रेघेखाली, वेगळा लिहिलेला, पॉडकास्ट. हा शब्द २००४ च्या सुमारास आयपॉड आणि ब्रॉडकास्ट यांना जोडून झाला, त्यात पाय कुठेच नाही. ते मी तिला सांगणार होते, पण कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेलं ‘बघू’ खोडलेलं होतं आणि त्याच्या जागी शाईनं ‘आडनावबंधू’ लिहिलेलं होतं.